न चाखलेली माती

बादली आपटल्याचा आवाज झाला तेव्हा मी दाढी करत होतो. पाठोपाठ दाराच्या फटीतून पाण्याचा ओघळ आत आला. शांती नगरात राहणाऱ्यांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो, की आमच्याकडे नळाला दिवसाआड जेमतेम पाऊण तास पाणी असतं, आणि टँकर आला की सख्खे शेजारी एकमेकांच्या हंड्यांकडे संशयाने बघतात. अशा इमारतीत सकाळी सात वाजता भरलेली बादली जिन्यात सांडायची म्हणजे काय! माझं डोकंच सटकलं. अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून मी दार उघडलं ते भांडायलाच. “कोण आहे रे? पाणी काय फुकट आलंय?” असं ओरडलोही. वर बघितलं तर जिन्याच्या वळणावर नेरुरकर पडलेले. एक हात कठड्याच्या गजावर, एका पायातली चप्पल निघालेली, आणि बादली चार पायऱ्या खाली आडवी. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. नेरुरकरांशी मी बोललेलं शेवटचं वाक्य हे असं आहे. ते त्यांना ऐकू गेलं की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही.

त्याला सहा आठवडे झाले. दत्ताराम नेरुरकर कोण, हे आमच्या सेक्टरच्या बाहेर फारसं कुणाला ठाऊक नसेल. तार खात्यातून निवृत्त झालेले, सडपातळ, कमी बोलणारे गृहस्थ. ऐंशीचं दशक संपता संपता ते गिरगावातली एक खोली सोडून इथे आले, मी लालबागमधून आलो. ते दुसऱ्या मजल्यावर, मी पहिल्या. तेव्हा गच्चीवर उभं राहिलं की मिठागरातले पांढरे ढीग दिसायचे. मुंबईतले नातेवाईक येऊन “काय रे, कुठल्या कुठे आलात!” म्हणायचे आणि आम्ही त्यांना हवा किती मोकळी आहे ते सांगायचो. नेरुरकर वहिनींना मात्र हवेत रस नव्हता. पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं होतं, “माझ्या माहेरी दारात सोनचाफा होता. गिरगावात तीस वर्षं काढली, ह्यांनी दर वर्षी सांगितलं, जमीन मिळाली की लावू. आता जमीन आहे, बघू या.”

जमीन होती, म्हणजे इमारतींच्या मागे एक मोकळा चौकोन होता. नकाशात तिथे बाग होती, प्रत्यक्षात बिल्डरने टाकलेला राबीट, म्हणजे विटा-सिमेंटचा भुगा होता. तो साफ करायला म्हणून आम्ही बाग मंडळ काढलं. मी सेक्रेटरी झालो, कारण मला कागदपत्रांची आणि खरं सांगायचं तर पुढे पुढे करायची हौस. बोलायचं काम नेरुरकरांकडे आलं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता सोसायटीच्या ऑफिसात त्यांचं बागकामावरचं व्याख्यान असे. व्याख्यान हा शब्द त्यांना आवडायचा नाही. ‘जरा बोलू या’ म्हणायचे. तीन फुटांच्या गॅलरीत काय लावावं, कुंडीच्या बुडाचं भोक बुजलं तर काय होतं, तांदूळ धुतलेल्या पाण्यावर मोगरा कसा जगतो... तीस-पस्तीस माणसं यायची, खुर्च्या पुरायच्या नाहीत. शाहभाई तर बायको आणि सून दोघींना घेऊन यायचे आणि मागून ओरडायचे, “काका, वो कढीपत्तेवाला फिरसे बोलो!” बोलून झालं की नेरुरकर खडू खाली ठेवायचे आणि विचारायचे, “कोणाला काही विचारायचंय? काही सांगायचंय?” मग थांबायचे.

त्यांची एक सवय सगळ्यांच्या चेष्टेचा विषय होती. कुणी कुंडीतली माती दाखवायला आणली की ते चिमूटभर माती सरळ जिभेवर ठेवायचे. बायका तोंड वाकडं करायच्या. एकदा मीच म्हणालो, “नेरुरकर, मीठ-मसाला बरोबर पडलाय ना?” सगळे हसले, तेही हसले. मग त्यांनी सांगितलं, की त्यांच्या गावी खाडीला लागून शेती होती. बांध फुटला की भरतीचं पाणी भाताच्या खाचरात शिरायचं. ते ओसरलं की वडील खाचराच्या चारी कोपऱ्यांतली माती चाखायचे आणि यंदा पेरायचं की नाही ते ठरवायचे. “डोळ्यांना माती फसवते,” नेरुरकर म्हणाले, “खाडीची माती दिसायला सगळ्यात देखणी. काळीभोर, मऊ. आणि सगळ्यात वाईट.” हे मी पहिल्या रांगेत बसून ऐकलं होतं. वहीत लिहूनही घेतलं होतं. ती वही अजून माझ्याकडे आहे.

बागेचा नकाशा त्यांनी खाकी कागदावर काढला होता. मध्ये हिरवळ, कडेने कण्हेर आणि मोगरा, बाकाशेजारी बकुळ, आणि त्यांच्या खिडकीतून दिसेल अशा जागी सोनचाफा. माती चेणे गावाहून आणायची ठरली. तिथल्या एका शेतकऱ्याशी त्यांनी बोलणं केलं होतं आणि भरण्याआधी स्वतः जाऊन ती चाखून येणार होते. उद्घाटन प्रजासत्ताक दिनी. पाहुण्यांना निमंत्रण मी देऊन आलो होतो, पत्रिकाही वाटल्या होत्या. आणि उद्घाटनाला आठ-दहा दिवस उरले असताना नेरुरकरांना मलेरिया झाला. अंगात ताप, डोळे उघडत नव्हते. चेण्याचा माणूस म्हणाला, साहेब येऊन बघून जाऊ द्या, मग ट्रक पाठवतो. तो बिचारा नेरुरकरांचाच शब्द पाळत होता, आणि मी चिडलो होतो. पाहुणे येणार आणि आम्ही त्यांना राबीट दाखवणार की काय?

अशात नाक्यावर एक ट्रकवाला भेटला. खाडीच्या बाजूला कुठेतरी पायाचं खोदकाम चाललं होतं, तिथली माती त्याला कुठेतरी टाकायचीच होती. “एक नंबर काली मिट्टी है साब, देखो,” असं म्हणून त्याने मूठभर दाखवली. काय सुंदर होती! त्या दुपारी पाच ट्रक रिकामे झाले. सगळे गॅलरीत उभे राहून बघत होते, कुणी टाळ्याही वाजवल्या. आमच्याकडे मासळी घेऊन येणारी भाईंदर गावातली हिराबाई टोपली उतरवून तिथे उभी राहिली. तिने मातीत बोट घातलं, वास घेतला आणि म्हणाली, “दादा, ही खाडीची माती हाय. खारी हाय. यात काय व्हनार न्हाय.” आजूबाजूला दहा-बारा माणसं होती. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, “मावशी, तुम्ही मासळीचं बघा. नेरुरकरांनी आजारी पडायच्या आधीच चाखून पास केलीय ही माती.”

हे वाक्य मी बोललो. कुणी बोलायला लावलं नव्हतं. त्या वाक्यानंतर कुणी एक शब्द काढला नाही, कारण नेरुरकरांच्या जिभेवर सगळ्यांचा विश्वास होता. हिराबाईने टोपली डोक्यावर घेतली आणि ती निघून गेली.

उद्घाटन थाटात झालं. त्यानंतर चार दिवसांनी नेरुरकर शाल गुंडाळून, वहिनींचा हात धरून खाली उतरले. मी फाटकापाशी रोपांना पाणी घालत होतो. ते वाकले, चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. मग त्यांनी विचारलं, “कुठली माती ही, सामंत?” तेव्हासुद्धा मला सांगता आलं असतं. पाच ट्रक माती होती, उपसून काढता आली असती. “चेण्याचीच,” मी म्हणालो. ते माझ्याकडे बघत राहिले... मग “बरं” म्हणाले, आणखी थोडी माती रुमालात बांधून घेतली आणि जिना चढून गेले.

होळीपर्यंत हिरवळ जळाली. मोगऱ्याची पानं कडेने तपकिरी होत गेली, बकुळीचं रोप उभंच्या उभं वाळलं, आणि ऊन वाढलं तशी मातीवर पांढरी खपली आली. त्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ऑफिस खचाखच भरलं होतं, पण बागेविषयी ऐकायला कुणी आलं नव्हतं. शाहभाई उठून म्हणाले, “काका, बुरा मत मानना. मिट्टी तो आपने ही पास किया था ना?” नेरुरकरांनी खडू हातातल्या हातात फिरवला. मी त्यांच्या शेजारी टेबलाशी बसलो होतो, मिनिट्सची वही उघडी होती. ते म्हणाले, “हो. चूक माझी आहे.” मी ते वहीत लिहून घेतलं. शेवटी त्यांनी नेहमीसारखं विचारलं, “कोणाला काही सांगायचंय?” आणि थांबले. खूप वेळ थांबले. लोक खुर्च्या सरकवून उठायला लागले तरी थांबले होते. पुढच्या महिन्यात बाराजण आले, दिवाळीपर्यंत सहा. ज्याला माती कळत नाही त्याचं ऐकायचं कशाला, असं जिन्यात बोललं जायचं आणि ते वर ऐकू जायचं.

मग त्यांचे ते हाल सुरू झाले, जे मी चार वर्षं माझ्या गॅलरीतून बघितले. वडिलांच्या पद्धतीने त्यांनी प्लॉटभोवती बांध घातले. पावसाचं पाणी कोंडायचं, मीठ विरघळलं की सोडून द्यायचं. पण खाली बिल्डरचा राबीट, पाण्याला जायला वाटच नाही. पावसात गुडघाभर डबक्यात उभे राहून ते चर खणायचे, उन्हाळ्यात पुन्हा मीठ वर यायचं. साठी उलटलेला माणूस! पहिल्या वर्षी दोघेतिघे मदतीला होते, दुसऱ्या वर्षी ते एकटे. मी जायचो कधीतरी, पण त्यांच्या शेजारी फावडं धरून उभं राहणं मला सोसायचं नाही. तिसऱ्या वर्षी त्यांनी प्लॉट सोडला आणि फक्त एक खड्डा धरला, सोनचाफ्याचा. सगळी माती उपसली, चेण्याहून एसटीने पिशव्या भरभरून माती आणली. तरी बाजूने खार आत झिरपायचा. त्यावर उपाय एकच, रोज एक बादली गोडं पाणी. वहिनींनी सांगितलं, की त्यासाठी ते दोन दिवसांनी एकदा आंघोळ करायचे. पहिलं रोप मेलं. दुसरं मेलं. तिसऱ्याला पाणी घालायला ते त्या सकाळी निघाले होते.

शोकसभा त्याच ऑफिसात झाली. अध्यक्ष बोलले, “मातीच्या निवडीत त्यांची चूक झाली, पण त्यांनी जिद्द सोडली नाही.” सगळ्यांनी माना डोलावल्या... मीही डोलावली. मेल्यानंतरसुद्धा माणसाच्या डोक्यावर ते ओझं राहू दिलं मी. त्या दिवसापासून मला जेवण जात नाही. मुलगी म्हणते डॉक्टरला दाखवा. डॉक्टर काय बघणार?

तेरावं झाल्यावर मी वर गेलो. वहिनी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. ट्रकवाला, हिराबाई, ‘चेण्याचीच’, सगळं. त्यांनी ताटावरून मान वर केली नाही. म्हणाल्या, “माहीत आहे. हिराबाईने त्याच आठवड्यात सांगितलं होतं. ह्यांनाही माहीत होतं.”

“मग ते बोलले का नाहीत?”

“मी भांडले त्यावरून. जाऊन सांगा सगळ्यांना, म्हटलं. तर म्हणाले, सामंत सांगतील. माणूस वाईट नाही, त्यांना जरा वेळ लागतोय.” मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. “दर महिन्याला त्या रविवारी परत आले की मी विचारायची, बोलले का भावोजी? ते म्हणायचे, आज नाही. चार वर्षं थांबले हो ते. आता मला सांगून काय उपयोग?”

मला रडू आलं. त्यांना आलं नाही. मी निघालो तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “बादली तेवढी घेऊन जा. दारात दिसली की मला सहन होत नाही.”

माझं खोटं मी भर दुपारी, सगळ्या गॅलऱ्यांतून माणसं ऐकत असताना बोललो होतो. ते खोडायला दुसऱ्या रविवारची सहा डोकी पुरणार नाहीत, म्हणून इथे, छापून सगळ्यांच्या हाती पडेल असं लिहितो आहे. माती मी आणली. नेरुरकरांनी ती चाखली नव्हती. चाखली असती तर एक घमेलंसुद्धा उतरू दिलं नसतं. शाहभाई, हे तुम्हीही वाचा, घरात सुनेलाही वाचून दाखवा.

बादली आता माझ्या मोरीत आहे. एका बाजूला पोचा आलाय, तिथवर भरली की सांडत नाही. रोज सकाळी मी ती घेऊन जिना उतरतो. निघताना वरच्या वळणाकडे नजर जाते. चाफ्याला पाच पानं होती, आता तीन आहेत, आणि त्यातल्या एकाची कड तपकिरी होते आहे. काल पाणी घालून झाल्यावर मी वाकलो, चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली. आयुष्यात पहिल्यांदाच. लहान मुलालाही कळेल इतकी खारट आहे. त्या दिवशी ट्रकवाल्याने मूठभर पुढे केली होती, तेव्हा एवढंच करायचं होतं.