बटाट्याचा गणपती

लातूर जिल्हा झाला त्या साली पाऊस न्हाई, आन् छापखानेवाले नव्या कचेऱ्यांचे फारम छापण्यात गुंतले होते. माझ्या पोरीच्या लग्नाच्या पत्रिका छापायला कुणी घेईना. म्हणलं, मीच करतो! शाळेचं तोंड पाह्यलं न्हाई, पण अक्कल लई. बटाट्यावर गणपती कोरला, कुंकवात तेल कालवलं आन् साऱ्या पत्रिकांवर ठप्पे मारले. मजकूर पोरीनं लिहिला.

बायको ओरडली, "अवं, सोंड उजवीकडं आली! ह्यो कडक गणपती, याला सोवळं लागतं. उदगीरचे व्याही लगीन मोडतील!"

मी डावी सोंडच कोरली होती. ठप्पा उलटा उमटतो हे बटाट्याला ठाव होतं, मला न्हाई.

दुसरा कागद नव्हता. तीच पत्रिका घेऊन भीत भीत उदगीरला गेलो, खरं सांगून टाकलं. व्याही पोट धरून हसले. म्हणाले, "हातानं केला व्हय? मग ह्यो देव्हाऱ्यातच बसणार!"

पत्रिका अजून तिथंच हाय. गेलो की आधी देवाला हात जोडतो, मग छाती फुगवून पाव्हण्यांना सांगतो, "ह्यो मी केलाय. चुकलाय, पण मी केलाय."