मी खोटं वाचलेलं पत्र

आबा गेले त्या सकाळी मी सोनीची वेणी घालत होते. अर्धी झालेली, अर्धी हातात, आणि खालच्या खाचरातून शेजारचा माणूस ओरडत आला का आबांना डुकरानं मारलं. मी विचारलं मारलं म्हंजे काय, तर तो नुसता आपल्या मांडीवरून हात फिरवून दाखवायला लागला. मी पोरीला उचलली आणि तशीच धावले. आबा बांधाला टेकून पडलेले, धोतर सगळं लाल, पण शुद्धीवर होते. कापणीला आलेल्या भातात डुक्कर बसलेलं, ते त्यांना दिसलंच नाय, हातात नुसती काठी आणि वाजवायचा डबा. मला बघून बोलले, "पोरीला कशाला आणलीस गो? तिला घरी ने." आमी चादरीची झोळी केली, रस्त्यापर्यंत न्यायलाच अर्धा तास गेला, मग जीप मिळाली, आणि शहापूर दिसायच्या आत ते गेले.

आबा म्हंजे माझे सासरे. सहा आठवडे झाले. मी सातवी शिकलेली, पुढं शाळा लांब होती म्हणून राहिली. पण आमच्या घरात दिवसाउजेडी वाचणारी मीच एकटी. आमचे हे भिवंडीला गोदामात कामाला, काळोखात जातात न् काळोखात येतात. आबा न् आय, म्हंजे माझी सासू, दोघांचा अंगठा. किराणा बांधून येतो त्या पेपराचा तुकडासुदा मी वाचते, आणि रविवारच्या पुरवणीत गेलेल्या माणसांवर लिवलेलं येतं ते तर पयलं वाचते. त्यात सगळे गेलेल्या माणसाचं चांगलं सांगतात. आबांचं सगळं चांगलंच हाय. वाईट हाय ते माझं हाय, आणि ते सांगितल्याशिवाय आबांबद्दल मला खरं काय लिवताच येणार नाय.

मी लग्न होऊन किन्हवलीकडं आले तेव्हा ओटीवर चढता चढता पयली नजर गेली ती खुंटीवरच्या बंदुकीवर. आबांची ठासणीची बंदूक. नळीतून दारू भरायची, चिंध्या ठासायच्या, वर छर्रे, आणि घोड्याखाली पितळेची टोपी लावली का मग बार निघायचा, तोपण तिची मर्जी असंल तर. पीक राखायचा परवाना होता, आमच्या वाडीत तेवढा एकच. आबा हवेतच बार काढायचे. आवाज झाला का डुकरं डोंगराला. मी सहा वर्षांत त्यांनी काय मारलेलं बघितलं नाय. बंदुकीला ते म्हातारी म्हणायचे. "ही म्हातारी माझ्याहून जास्त खोकते," असं बोलून तिला तेल लावत बसायचे.

पण मी त्या बंदुकीला पयल्या दिवसापासून भ्यायचे. माझं माहेर मुरबाडकडं. मी आठ-नऊ वर्षांची असताना माझा काका रानात गेला, गावातलीच पोरं शिकारीला गेलेली, झुडूप हाललं आणि डुक्कर समजून काकावर बार झाला. ज्यानं बार काढला तो काकाचाच दोस्त, आमच्या अंगणात रोज बसणारा. बंदूक बिनपरवान्याची, ती पोलिसांना सापडलीच नाय. काकाला आणलं तेव्हा मला आत कोंडून ठेवलेलं, पण फटीतून मी बघितलं. आबांना मी हे पयल्याच वर्षी सांगितलं. ते बोलले, "आपली परवान्याची हाय, सूनबाय. टोपी बंडीच्या खिशात असते माझ्या. टोपीशिवाय ती नुसती काठी." मी मान हालवली. पण भीतीला काय परवाना वाचता येतो...

मग या श्रावणातली गोष्ट. दुपारी ऊन पडलेलं, आबा ओटीवर बंदूक साफ करत होते, तेलाची बाटली आणायला आत गेले. मी परसातून आले तर माझी तीन वर्षांची सोनी नळीला डोळा लावून बसलेली. नळीला डोळा. मला बघून बोलली, "आई, आत काळोख हाय." आबा बाहेर आले, त्यांनी काय आरडाओरडा केला नाय, हळूच तिच्या हातातून बंदूक काढली. "दारू नाय त्यात, टोपी नाय, भिऊ नको," बोलले. आणि लगेच हातोडी घेऊन खुंटी वर, पार वाशाला ठोकली. त्या दिवशी ते जेवले नाय नीट. म्हंजे त्यांनापण कळलेलं. मी एवढं जरी तेव्हा समजून घेतलं असतं तरी पुढचं झालं नसतं.

निवडणूक लागली का परवानेवाल्यांनी बंदुका पोलिसांत जमा करायच्या आणि मतदान झालं का परत आणायच्या, असा कायदा हाय. या खेपेला निवडणूक लागली ती भात पोटरीत, लोंब्या निघायच्या बेतात असताना. आबा बोलले, "सरकारला न् डुकराला एकच टाइम सापडतो." कागदाचं काम म्हणून मला संगती नेलं. बंदूक गोधडीत गुंडाळलेली, एसटीत आमच्या दोघांच्या मधे उभी. कंडक्टर वळखीचा, तो बोलला, "आबा, या बाईचं तिकीट?" आबा बोलले, "काढतो, पण तिला खिडकी दे. तिला गाडी लागते. वकली तर छर्रे वकंल." सगळी गाडी हसली, मीपण हसले. पोलीस स्टेशनात हवालदारानं बंदुकीला सुतळीनं नावाची चिठ्ठी बांधली, पावती केली आणि विचारलं, "सही का अंगठा?" आबा बोलले, "अंगठा माझा, डोळे हिचे." मी पावती मोठ्यानं वाचली, शस्त्र जमा, पुढील आदेश, असले शब्द. मला तेव्हा एवढं मोठं वाटलं... घरी येताना आबांनी मला भजी घेऊन दिली.

बंदूक गेली आणि मला झोप लागायला लागली. वाशाकडं बघितलं का नुसती खुंटी. सोनी ओटीवर खेळायची न् मी आत भाकऱ्या थापायचे, सहा वर्षांत पयल्यांदा मान वळवून न बघता.

मतदान झालं. चार-सहा दिवसांनी पोस्टमन आला. माझे हात पिठाचे, तर मी काखेतच पत्र दाबून घेतलं. हात धुवून वाचलं. आपण जमा केलेले शस्त्र परवाना व पावतीसह समक्ष येऊन घेऊन जावे. एवढंच. आबा ओटीवर विळ्याला धार लावत होते. त्यांनी विचारलं, "काय गो, म्हातारीचं बोलावणं आलं का?" आणि मी वाचलं, "आपले शस्त्र पुढील आदेश होईपर्यंत जमा राहील." ठरवून नाय वाचलं. तोंडातून तसंच आलं, पावतीवरचे शब्द आयते होते माझ्याकडं. आबा बोलले, "परत एकदा वाच." मी परत वाचलं, तसंच, एक शब्द इकडचा तिकडं नाय. पयल्यांदा चुकले असं म्हणता येईल. दुसऱ्यांदाचं काय म्हणू...

ते पत्र मी सोनीच्या लसीच्या कार्डात घालून ठेवलं. मनाशी बोलले, कापणी होऊंदे, मग सांगते दुसरं पत्र आलं म्हणून. सतरा दिवस. सतरा दिवस आबा डबा वाजवत, फटाके लावत पीक राखायला जात होते, खोकत यायचे. मी चा करून द्यायचे, आणि चा देताना दोन वेळा तोंडाशी आलं, पण सोनी त्यांच्या मांडीवर चढलेली असायची, ती दिसली का परत गिळायचे. एक दिवस ते किन्हवलीच्या बाजारातून आले आणि हसत सांगायला लागले, "तो खालच्या गावचा मला सांगतो, बंदुका सोडल्या, मी कालच आणली. मी बोललो, तुझी सोडली असंल. आमच्या सूनबायनं कागद वाचलाय." आणि माझ्याकडं बघून मान हालवली, एवढ्या कौतुकानं. मी चुलीत फुंकर मारत बसले, जाळ लागलेला होता तरी.

बंदूक परत आणलेली असती तर आदल्या राती चार बार झाले असते आणि ते डुक्कर तिथं बसलंच नसतं. हे मी रोज घोकते. आणि बंदूक घरात असती तर सोनीचं काय झालं असतं, तेपण मला माहीत नाय. आबांनी खुंटी वर नेलेली, माझ्याशी बोलून अजून वर नेली असती, पेटीत कुलपात ठेवली असती. मी सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं, सहा वर्षांत त्यांनी माझं एक म्हणणं टाकलं नाय. मी बोललेच नाय. मी वाचलं.

पंचनाम्याला हवालदार आला, तोच. बोलला, "म्हाताऱ्यानं बंदूक नेली नाय अजून? आमी पत्र टाकलेलं." हे बोलले, "पत्र आलं नाय. आबा तर म्हणत होते जमाच राहणार." कुणीतरी बोललं, पयलं पत्र तसं असंल, सोडल्याचं दुसरं आलंच नसंल. आय रडता रडता बोलली, "पोस्टाचा काय भरवसा." आणि मी भिंतीला धरून उभी. तेराव्याला पोस्टमन आला, तो सगळ्यांच्या सुखदुःखाला येतो, तर यांनी चार माणसांत त्याला विचारलं, "पत्रं वाटतोस का नदीत टाकतोस रे? तुझ्या एका कागदापायी माझा बाप गेला." पोस्टमननं माझ्याकडं बघितलं. माझ्या काखेत त्यानं स्वतः पत्र दिलेलं. तो बोलला, "आठवत नाय मला," आणि न जेवता सायकल घेऊन गेला.

मागच्या रविवारी यांनी फुलस्केप कागद आणले. बोलले, "अर्ज लिव. पोस्टमनची तक्रार. त्याची नोकरी गेली पायजे." मी तीन दिवस कागद घेऊन बसले. प्रति, मा. साहेब, एवढं झालं आणि पुढं हात चालेना. त्याला दोन पोरं हायत, त्याच्या पगारावर चालतं त्याचं. आणि माझ्या अक्षरातल्या कागदानं एक माणूस गेलेला... म्हंजे माझ्या वाचण्यानं. मग त्याच कागदांवर मी हे लिवलं.

पयलं आयला वाचून दाखवलं, कारण तिनं विचारलं, "झाला का अर्ज? वाच." मी जसं होतं तसं वाचलं. संपल्यावर बोलली, "तो पोस्टमन दारावरून जातो तेव्हा मी थुंकते, ठावं हाय तुला?" आणि उठून आत गेली. संध्याकाळी यांना सांगितलं, लसीच्या कार्डातलं पत्र हातात दिलं. त्यांनी ते वाचलं, तारीख बघितली, घडी केली, खिशात ठेवलं. सकाळी जेवणाचा डबा न घेता कामाला गेले. आज चौथा दिवस, माझ्याशी बोलत नायत.

हे शेवटचं मी आज लिवते. आबा होते तेव्हा सकाळी ओटीच्या कडेला पाण्याचा तांब्या भरून ठेवायचे, वर पेला पालथा. येणाऱ्यानं मागायला लागू नये. ते गेल्यापासून तांब्या आत पडून होता, कुणाच्या मनातच आलं नाय. आज मी घासून भरून ठेवला. पोस्टमन आला, तर मी हाक मारली. तो सायकलवरूनच बोलला, "काय वयनी?" मी बोलले, "मी घरात सांगितलं सगळं. तुमी पाणी घ्या." तो उतरला. पाणी प्यायला, पेला परत पालथा घातला, आणि बोलला, "मी पण भ्यालेलो. चार माणसांत बाईमाणसाचं नाव कसं घेऊ, न् घेतलं तर माझं ऐकणार कोण." मग पिशवीतून एक पत्र काढलं. पोलीस स्टेशनचं. या खेपेला माझे हात कोरडे होते, तरी मला ते धरवेना.

आय उंबऱ्यावर येऊन बसलेली. "काय लिवलंय?" तिनं विचारलं. पोस्टमन जायला निघालेला, तो पण थांबला. मी जावक क्रमांकापासून सुरवात केली. मयत परवानाधारक यांचे वारसांनी जमा शस्त्राबाबत समक्ष हजर राहून लेखी कळवावे, आणि खालची सही, शिक्का, सगळं. आय बोलली, "मला नाय कळलं." मग मी आमच्या बोलीत सांगितलं का बंदूक घरच्यांच्या नावावर करून घ्यायची का सरकारला देऊन टाकायची, ते आपण कळवायचं हाय. मला तोंडाशी आलेलं का आय, नको आणूया, सोनी हाय...

आय तांब्याकडं बघत होती. "आमी ठरवू ते," ती बोलली. "तू नुसतं वाच."