भिंग एकाचं, कॅमेरा एकीचा

या, अशा जवळ सरका. दारातच काय बसता पाव्हण्यासारखं? आणि एक सांगून ठेवते, राग आला तर येऊ द्या. रिटायर झालेल्या पोलीसवाल्या बाईला भेटायला आलं की सगळ्यांच्या तोंडी वाक्य एकच, ‘मॅडम, एखादा खून सांगा ना.’ काहून रे बाबांनो? एकतीस वर्षं नोकरी केली, त्यात नुसते खूनच बघितले का मी? माझी झोप ज्या केसनं उडवली त्यात रक्ताचा थेंब न्हाई. एक कॅमेरा होता. म्हणजे दोन होते, आणि घोळ तोच झाला. ती केस आजही आठवली की मी समोरची वस्तू उचलून तिच्या बुडाकडं बघते, चहाची कपबशीसुद्धा.

शिपाई म्हणून भरती झाले, खात्याची परीक्षा देत देत फौजदार झाले. शिक्षण बेताचं. जे शिकले ते ठाण्यात, स्टेशन डायरी लिहिता लिहिता. वारंगा फाटा आमच्या हद्दीत होता. दोन हजार साल मागं पडून सात-आठ वर्षं झाली असतील. रोलचे कॅमेरे जाऊन लग्नात ते मोठे, काळे, भिंगवाले डिजिटल कॅमेरे यायला लागले होते. आमच्या लेखी सगळे सारखेच. काळे, जड, गळ्यात अडकवायचे.

एका सकाळी हिंगोलीचे एक स्टुडिओवाले शेठ ठाण्यात आले. सोबत त्यांचा मेहुणा, बायकोचा भाऊ. शेठ जुन्या जमान्यातले, डार्करूममध्ये आयुष्य गेलेलं. डिजिटल कॅमेरा त्यांनी नवाकोरा घेतला खरा, पण हात लावायचे न्हाईत. चालवायचा मेहुणा. फिर्याद अशी, की आदल्या दिवशी फाट्यावरच्या मंगल कार्यालयात लग्न होतं, मेहुणा नवरदेवाकडून फोटो काढत होता, दुपारी पंगतीला बसला आणि तेवढ्यात पिशवीतला कॅमेरा गेला.

“कोणावर संशय?” मी विचारलं.

मेहुणा पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होता. म्हणाला, “नवरीकडून एक बाई होती फोटोवाली. कुरुंद्याची. ती माझ्या कॅमेऱ्याकडं लई बघून राहिली होती.”

आमच्याकडं लग्नात दोन फोटोग्राफर असतात, एक मुलाकडचा आणि एक मुलीकडचा. एकमेकांच्या आड येतात, ढकलतात, जेवायला मात्र शेजारी बसतात. शेठनं खोक्यातलं वॉरंटी कार्ड काढून नंबर दिला. मी गुन्हा नोंदवला. वर्णन काय लिहिलं? ‘काळ्या रंगाचा डिजिटल कॅमेरा भिंगासह, एक नग.’

त्याच दुपारी फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलवाल्याचा फोन आला. डोळे उघडे ठेवणारा माणूस, अधूनमधून खबर द्यायचा. “मॅडम, लग्नाच्या दिवशी सकाळी ती कुरुंद्याची ताई इथं जीपमधून उतरली तवा तिच्या कॅमेऱ्याला आखूड, जुनं भिंग होतं. सांजच्याला वसमतकडच्या गाडीची वाट बघत बसली तवा लांब, नवं चकचकीत भिंग. मी स्वतः चहा दिलाय तिला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी महिला शिपाई, हवालदार आणि जीप घेऊन कुरुंद्याला गेले. हळद शिजवण्याचे दिवस. गावात शिरताच तो वास नाकात बसतो. बाई अंगणात हळदीच्या ढिगाजवळ बसली होती, चाळिशीतली, हात कोपरापर्यंत पिवळे. नवरा रोलच्या कॅमेऱ्यावर फोटो काढायचा. तो वारल्यावर हिनं नांदेडहून कोणाचा तरी वापरलेला डिजिटल कॅमेरा घेतला. हळदीच्या कार्यक्रमात, बायकांच्या खोलीत पुरुष फोटोवाला चालत न्हाई, म्हणून हिला मागणी.

मी म्हटलं, “कॅमेरा दाखवा.”

तिनं खुंटीवरची झोळी काढून दिली. घाबरली न्हाई. उलट म्हणाली, “बरं झालं मॅडम तुमीच आल्या. माझं भिंग आणलं का?”

मी मनात म्हटलं, हिला वेड लागलंय का सोंग करते? भिंगाच्या कडेला बारीक नंबर होता. चष्मा लावून वाचला. शेठच्या कार्डावरचा नंबर, आकड्याला आकडा बराबर! शेजारचे दोघं पंच केले, पंचनामा केला, ‘कॅमेऱ्याचा क्रमांक जुळतो’ असं ठळक लिहिलं आणि बाईला जीपमध्ये बसवलं. गल्ली दारात उभी होती. कोणी तरी मागून बोललंच, “बघा, आमच्या पोरीची हळद हिलाच सांगितली होती. बरं झालं वेळेवर कळलं.” बाईनं ते ऐकलं. मीही ऐकलं.

ठाण्यात चौकशी सुरू झाली. तिथून पुढं माझ्या डोक्याचं जे भजं झालं ते सांगते.

“हा कॅमेरा कुठून आणला?”

“माझाच हाय.”

“नंबर त्यांचा आहे.”

“भिंग त्यांचं हाय. कॅमेरा माझा. आणि माझं भिंग त्यांच्याकडं हाय.”

“म्हणजे चोरलंस?”

“न्हाई ओ मॅडम, बदललं! जेवणं झाल्यावर नवरीची सगळी माणसं एका बारक्या खोलीत होती. माझ्या भिंगात समदी माईनात. त्या दादाला म्हणलं, दोन मिनिटं तुमचं भिंग द्या. कॅमेरा उघडा ठेवला तर अक्षता जातील आत, म्हणून माझं त्याच्या कॅमेऱ्याला लावलं. इतक्यात वरात निघाली, धांदल उडाली. तो तिकडं, मी इकडं. सांजच्याला हुडकलं, तर निघून गेलता. माझं भिंग द्या मॅडम. मालकाच्या हातचं तेवढंच राहिलंय.”

मी हवालदारांकडं बघितलं, हवालदारांनी माझ्याकडं. भिंग निघतं? आमाला ठाऊकच नव्हतं! कॅमेरा म्हणजे एक वस्तू असंच आमी धरून चाललो होतो. धड एकाचं आणि डोळा दुसऱ्याचा, हे कुठल्या कलमात बसवायचं? मेहुण्याला फोनवर विचारलं, तर तो म्हणे, “खोटं. मी कशाला देऊ? मी भिंग दिलंच न्हाई.”

वरून साहेबांचा फोन, “नंबर जुळला ना? मग अटक दाखवा, उशीर कशाला?” आणि बाईमाणसाला सूर्य मावळल्यावर अटक करता येत न्हाई. म्हणजे काय ते दिवस असेपर्यंत ठरवायचं. तिला चोर लिहायचं की घरी सोडायचं. एकदा चोर लिहिलं, की कुठली आई तिला पोरीच्या हळदीला घरात घेणार? दागिने घातलेल्या बायकांच्या खोलीत?

शेवटी तिनंच वाट दाखवली. म्हणाली, “त्यांच्यासारखा दुसरा कॅमेरा आणा. माझ्याजवळ ठेवा. मग बोला.”

आमच्या ओळखीचे बँकेतले एक साहेब होते, पाखरांचे फोटो काढायचा नाद. त्यांच्याकडं शेठसारखाच नवा कॅमेरा होता. ते स्कूटरवर घेऊन आले. टेबलावरची रजिस्टरं बाजूला सारली आणि दोन्ही शेजारी ठेवले. आई शप्पथ सांगते, जुळ्या बहिणी! एकाच कंपनीचे, एकाच काळ्या रंगाचे. शेठही आले होते. त्यांना विचारलं, “यातला तुमच्यासारखा कोणता?” त्यांनी एकदा इकडं, एकदा तिकडं हात नेला आणि घाम पुसला.

हवालदार म्हणाले, “ह्यो सहा मेगापिक्सेलचा, ह्यो दहाचा. दहावालाच भारी. दहापुढं सहा कसा टिकंल?”

बाई म्हणाली, “दादा, मेगापिक्सेल म्हंजे काय म्हशीचं दूध हाय का, दहा लिटर दिलं की भारी?”

बँकवाले साहेब हसले. मग त्या दोघांनी मिळून आमाला शिकवलं. जुना जड, नवा हलका. जुन्याच्या डोक्यावर एक छोटी खिडकी, तिच्यात आकडे दिसतात. नव्याला ती न्हाई, सगळं मागच्या पडद्यावर. जुन्यात फोटो लहान निघतो पण लग्नाच्या अल्बमला पुरतो. नव्यात मोठा निघतो, पण कॉम्प्युटर रडतो. मी मान हलवत होते. खरं सांगू? अर्धं कळत होतं, अर्धं डोक्यावरून जात होतं.

मग बाईनं पंचांसमोर दोन्हींची भिंगं खटकन फिरवून काढली. मी खुर्चीतून उठलेच, म्हटलं मुद्देमाल मोडला! ती म्हणाली, “इथं तोंडात बघा. माझ्यात हा बारका पेच हाय. हा फिरतो, तवा मालकाचं जुनं भिंग आपोआप हलतं आणि फोटो साफ येतो. नव्यात कंपनीनं हा पेचच ठेवला न्हाई. नव्या भिंगाच्या पोटातच मोटार असती.”

“मग तुझं जुनं भिंग नव्या कॅमेऱ्याला लावलं तर?”

“बसतं. फोटोही निघतो. पण हातानं फिरवावं लागतं, न्हाई तर समदं धुकं. त्या दादाला हातानं येत न्हाई. त्याला ‘पीं’ वाजलं की दाबायचं एवढंच ठाऊक.”

बँकवाले साहेब म्हणाले, “बराबर बोलतात बाई.”

आणि जाता जाता त्यांनी जुना कॅमेरा उलटा केला. बुडाला एक वेगळाच नंबर होता. कॅमेऱ्याचा नंबर तो. मी जुळवला होता भिंगाचा. शेठच्या खोक्यात वॉरंटीची कार्डं दोन होती, एक कॅमेऱ्याचं, एक भिंगाचं; हाताला आलं ते त्यांनी दिलं होतं. मी पंचनामा केला, दोन पंचांच्या सह्या घेतल्या, पण वस्तू उलटी केली न्हाई. माझे कान गरम झाले.

आता एकच प्रश्न उरला, की बाई खरं बोलते कशावरून? मग डोक्यात आलं. ती खरं बोलत असेल, तर मेहुण्याचे जेवणानंतरचे फोटो धुक्यातले असतील. आणि मेहुणा खरं बोलत असेल, तर जेवणानंतरचे फोटोच नसतील, कारण कॅमेरा तर पंगतीतच गेला ना!

शेठना जीपमध्ये घातलं आणि हिंगोलीला स्टुडिओत गेलो. मेहुणा काउंटरवर होता. शेठ भाबडेपणानं म्हणाले, “फोटो हायेत की मॅडम. फोटोचं कार्ड त्यानं कॅमेऱ्यातून आधीच काढलं होतं म्हणतो.” कॉम्प्युटर सुरू केला. सकाळचे फोटो स्वच्छ, बाशिंगाचा मणी न् मणी दिसत होता. मग पंगत. मग वरात, आणि नवरदेव गायब! घोडा आहे की म्हैस कळेना. मांडव धुक्यात, करवल्या धुक्यात, शेवटी नवरी आईच्या गळ्यात पडून रडते तेही धुक्यात. पण पाठवणीपर्यंतचे सगळे फोटो होते.

मी मेहुण्याला शांतपणे विचारलं, “पंगतीत चोरीला गेलेल्या कॅमेऱ्यानं पाठवणीचे फोटो कोणी काढले रे बाबा?”

आयुष्यात मी पुष्कळ जणांना खोटं बोलताना बघितलं. सराईत माणूस या प्रश्नावर चिडतो. हा तिशीचा बाप्या रडायला लागला. “दाजी, मला वाटलं मी मोडला! पीं वाजंना, सगळे फोटो खराब येऊन राहिले. नवा कॅमेरा, तुमी मला हाकलून दिलं असतं.”

“कुठंय कॅमेरा?” शेठ ओरडले.

“गव्हाच्या पिपात.”

शेठच्याच घरात, बहिणीच्या स्वयंपाकघरात, गव्हाच्या पिपात कॅमेरा निघाला. फडक्यात गुंडाळलेला, तोंडाला ते आखूड जुनं भिंग. मेहुण्यासकट ठाण्यात आणून पंचांसमोर पुरवणी पंचनामा केला, आणि या खेपेला दोन्ही बाजूंचे नंबर लिहिले. बाईनं आपलं भिंग आपल्या कॅमेऱ्याला बसवलं. कर्र करून ते हललं आणि माझा घाबरलेला चेहरा पडद्यावर लख्ख उमटला. मग शेठचं भिंग शेठच्या कॅमेऱ्याला लावलं. ‘पीं’ वाजलं. मेहुणा तोंड उघडं टाकून बघत राहिला. काही मोडलं नव्हतं. काही चोरीला गेलं नव्हतं. दोन्ही कॅमेरे ठणठणीत होते, आणि मधल्या मधी एक बाई मात्र चोर ठरत होती.

बाईनं मेहुण्याला एवढंच विचारलं, “दादा, मला फोन केला असता तर?”

तो म्हणाला, “ताई, दाजींची लई भीती वाटली.”

“आणि माझी वाटली न्हाई,” ती म्हणाली.

मी काय करायचं ते केलं. गैरसमजातून गुन्हा नोंद झाल्याचा अहवाल कोर्टाला पाठवला, मेहुण्याचा खरा जबाब जोडला, मुद्देमाल पुढं कोर्टाच्या हुकमानं ज्याचा त्याला गेला. पण तो कागद कुरुंद्यात कोण वाचणार? म्हणून त्याच संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आत, तिला त्याच जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवलं. गल्लीत उतरले, डोक्यावर टोपी नीट केली आणि सगळ्यांदेखत बोलले, “ताईनं काही चोरलं न्हाई. नंबर वाचण्यात चूक माझी झाली.” सकाळी मागून बोललेली ती बाई दारात होती. तिच्याकडं बघून म्हटलं, “तुमच्या पोरीच्या हळदीला ताईच येतील ना?” ती म्हणाली, “व्हय, व्हय, मी कुठं काय म्हणलं?” ताई त्या हळदीला गेल्या की न्हाई, ते मात्र मला कधी कळलं न्हाई. विचारायचं धाडसही झालं न्हाई.

या केसनं मला शिकवलं ते एवढंच. जुळलेला नंबर बघून आनंद झाला, की तिथंच थांबायचं आणि विचारायचं, हा नंबर नक्की कशाचा? आणि समोरचा माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मागत असेल, तर तो विषय टाळतोय असं धरायचं न्हाई. ती बाई पहिल्या वाक्यापासून ‘माझं भिंग’ म्हणत होती. चोर कधी पोलिसाकडं आपली वस्तू मागतो का? पण मी माझ्याच प्रश्नांत अडकले होते. पेच, मोटार, मेगापिक्सेल यातलं अजूनही मला विचाराल तर अर्धंच सांगता येईल.

मी रिटायर झाले त्या दिवशी निरोपाच्या कार्यक्रमाला ती आली होती, बोलावलं नसताना. त्याच जुन्या कॅमेऱ्यानं, मालकाच्या भिंगानं माझा फोटो काढला आणि आठ दिवसांनी फ्रेम करून पाठवला. वर्दीतला माझा सगळ्यात साफ फोटो तो. बैठकीत लावलाय. कितीतरी महिन्यांनी जाळं झटकायला काढला तेव्हा पाठीमागं बघितलं. एका कोपऱ्यात हळदीच्या बोटाचा ठसा, आणि पेनानं लिहिलेला एक नंबर. बाकी एक अक्षर न्हाई. तिच्या कॅमेऱ्याच्या बुडाचा नंबर होता तो, माझ्या पुरवणी पंचनाम्यातला. मला पाठ होता.

आता ऐकलंत ना? मग असं वर्षाकाठी तोंड दाखवून जाऊ नका. या लवकर, सवडीनं, जेवायलाच या. आणि आलात की तो फोटो तुमी स्वतः भिंतीवरून काढा, आणि उलटा करून बघा.