उलटतपास नाही

सोमवारी सकाळी माझा भाऊ वारला. गुरुवारी मी त्याच्या वकिलाकडे गेले.

वकिलांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. एकीवर आंब्याची रिकामी पेटी होती. मी दुसरीवर बसायला गेले, तेव्हा त्यांनी हातातली फाइल तिच्यावर ठेवली. माझ्याकडे बघत ठेवली. मी उभी राहिले. मृत्यूचा दाखला अजून मिळाला नव्हता, म्हणून दवाखान्याचा कागद पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला नाही. बोटाने टेबल दाखवलं. मी कागद टेबलावर ठेवला.

संदेशचं अपील तीन वर्षं पडून होतं. त्याचं आता काय होणार, एवढंच मला विचारायचं होतं.

"काय व्हायचंय? माणूस गेला, अपील गेलं. सुटला की तो. याच्याहून मोठी सुटका कोर्ट देणार होतं का त्याला?"

कोपऱ्यातला टायपिस्ट हसला. मी विचारलं, म्हणजे तो निर्दोष ठरला का.

"निर्दोष कसा ठरेल? निकाल आहे तसा राहिला. भोगायला माणूस नाही, एवढंच." मग ते जरा मऊ आवाजात म्हणाले, "भाऊसाहेबांशी बोललो मी सकाळीच. त्यांचंही म्हणणं, आता संपलं."

जिना उतरताना मला ते वाक्य पुन्हा ऐकू आलं. माझ्या भावाचा वकील माझ्या भावाबद्दल आधी भाऊसाहेबांशी बोलला होता.

भाऊसाहेब आमच्या गावचे बागायतदार. बुरोंडीच्या अलीकडे, समुद्राच्या वरच्या सड्यावर, कातळाच्या पठारावर, त्यांच्या हापूसच्या बागा आहेत. माझ्या वडिलांनी, आबांनी, त्या बागांत चाळीस वर्षं आंबे उतरवले. संदेशवर बागेतली पाण्याची मोटर चोरल्याची फिर्याद दिली ती भाऊसाहेबांच्या धाकट्या भावाने. आणि संदेशला वकील दिला तो भाऊसाहेबांनी.

कोणी म्हणेल, असं कसं चालवून घेतलंत. आमच्या बौद्धवाडीत तेव्हा ते कोणाला वावगं वाटलं नाही. दवाखान्यात खाट हवी, त्या घराची चिठ्ठी. मुंबईत नोकरी हवी, त्या घराची चिठ्ठी. मग कोर्टासाठी दुसरीकडे कुठे जाणार? संदेशला पोलिसांनी नेलं त्या दिवशी आबा आणि मी त्यांच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, उभे होतो. भाऊसाहेब पडवीत झोपाळ्यावर बसले होते. म्हणाले, "पोर चुकलं असेल. पण आपलंच आहे. वकील मी देतो. तुम्ही कुठे शोधणार?"

आबांनी हात जोडले. मीही जोडले. मी एम.ए. झालेली, ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेली, खेडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. मी म्हणाले, "फार उपकार झाले."

ते वाक्य माझं आहे. कोणी माझ्याकडून वदवून घेतलं नव्हतं.

संदेश वायरमन होता. मोटरी दुरुस्त करायचा. फिर्यादीच्या पंधरा दिवस आधी तो ग्रामसभेत उभा राहिला होता. आमच्या वाडीला मंजूर झालेले दिव्याचे खांब बागेच्या रस्त्याला कसे लागले, असं त्याने विचारलं होतं. मोटर त्याच्याकडे सापडली, हे खरं. बागेतल्याच एका गड्याने ती रिवाइंडिंगला आणून दिली होती. आमच्या ओट्यावर सगळ्यांच्या देखत उघडी पडली होती, निम्म्या तारा काढलेली.

हे त्याला कोर्टात सांगायचं होतं. वकिलांनी सांगितलं, तोंड उघडू नकोस, हात जोडून उभा राहा, जजसाहेब दया करतील. एकदा तारखेहून परत येताना एसटीत तो मला म्हणाला, "ताई, तो वकील मला काही विचारतच नाही गं."

मी म्हणाले, "त्यांना कळतं. तू गप्प राहा."

हेही वाक्य माझंच.

दोन वर्षांची शिक्षा झाली. त्याच वकिलांनी अपील केलं, जामीन मिळाला, आणि मग तारखा पडत राहिल्या. संदेशचं ठरलेलं लग्न मोडलं. घरात घेऊन काम देणारं कोणी राहिलं नाही. स्टॉपवर तो दिसला की कोणीतरी म्हणायचं, "मोटरी सांभाळा रे, वायरमन आला." तो हसायचा. लोकांबरोबर हसायचा. मला त्याचं ते हसणं आठवतं आणि पुढचं लिहायला वेळ लागतो. चौतीस वर्षांचा होता. सकाळी छातीत कळ आली, रिक्षा येईपर्यंत संपलं होतं.

वकिलांकडून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेले. रजा होती, तरी गेले. स्पर्धा परीक्षांच्या कपाटात फौजदारी प्रक्रियेचं पुस्तक होतं. त्याच्यावर नंबर मी स्वतः चिकटवला होता. इतक्या वर्षांत ते मी कधी उघडलं नव्हतं. मुलांनी मागितलं की काढून द्यायचे.

अपिलांच्या प्रकरणात शेवटी ते सापडलं. अपील करणारा मेला की अपील संपतं, हे खरं होतं. पण तिथेच पुढे लिहिलं होतं की शिक्षा कैदेची असेल, तर त्याच्या जवळच्या नातेवाइकाला मृत्यूपासून तीस दिवसांच्या आत अर्ज करून ते अपील पुढे चालवण्याची परवानगी मागता येते. जवळचा नातेवाईक म्हणजे कोण, तेही खाली दिलं होतं. आई-वडील. पती किंवा पत्नी. मुलंबाळं. भाऊ किंवा बहीण.

बहीण हा शब्द मी चार वेळा वाचला.

वकिलांना हे माहीत नसेल, असं मला वाटत नाही. माहीत नसेल तर ते वकील कसले? माहीत असेल तर ते कोणाचे वकील?

त्याच दिवशी तालुक्याच्या कोर्टात जाऊन मी साक्षींच्या नकला मिळण्यासाठी अर्ज केला. आबांना सांगितलं. ते ओट्यावर बसून होते. मग म्हणाले, "बाय गो, ऱ्हाऊ दे. त्यांच्याच दारात जायचंय परत."

आठवड्याभरात नकला मिळाल्या. मी त्या कॉलेजातल्या कपाटाशी उभी राहूनच वाचल्या. तीन साक्षीदार. फिर्यादी. पंच. पोलीस. पंच भाऊसाहेबांच्या बागेतला राखणदार. त्याने सांगितलं होतं की मोटर घरामागच्या गोठ्यात, पेंढ्याखाली लपवलेली सापडली. प्रत्येक साक्षीच्या शेवटी एक ओळ होती. 'आरोपीच्या वकिलांतर्फे उलटतपास नाही.' तीनदा. शेवटी आरोपीचा जबाब होता. तुम्हाला आणखी काही सांगायचे आहे काय? उत्तर: 'मला काही सांगायचे नाही.'

आमच्या घरामागे गोठा नाही. बैल विकले तेव्हाच आबांनी तो मोडला आणि त्याचे वासे घराला लावले. त्याला कितीतरी वर्षं झाली, खटल्याच्या खूप आधीची गोष्ट. वाडीतलं शेंबडं पोरही हे सांगेल. न्यायाधीशांना कसं कळणार? त्यांच्यासमोर कोणी आणलंच नव्हतं. माझ्या भावाच्या बाजूने त्या खटल्यात एकही प्रश्न विचारला गेला नव्हता. त्याला कोणी हरवलं नव्हतं. तो लढलाच नव्हता. लढू नकोस म्हणून मीच सांगितलं होतं.

जलदान विधी आणि शोकसभा त्यानंतरच्या रविवारी झाली. अंगणात मांडव होता. भाऊसाहेब आले. आमच्या वाडीत ते पहिल्यांदाच आले असतील. त्यांच्यासाठी पुढे खुर्ची ठेवली होती, बाकी सगळे चटईवर. दोघंतिघं संदेशबद्दल बोलले. मग भाऊसाहेबांना बोलायची विनंती झाली. ते उठले आणि शांतपणे म्हणाले की पोर गुणी होतं, हातात कला होती. "एकदा चुकलं. पण आपण त्याला टाकलं नाही. आता त्याची चूक त्याच्याबरोबर गेली. माझ्या घराने मनात काही ठेवलेलं नाही."

लोक माना हलवत होते. मी पांढऱ्या साडीत आबांच्या शेजारी बसले होते. मी सभेत बोलणारी बाई नाही. कॉलेजात वर्षातून एकदा ग्रंथप्रदर्शनाचं प्रास्ताविक करते, तेही वाचून. मी उठले.

"माझा भाऊ चुकला नव्हता. मोटर दुरुस्तीला आली होती. तुम्ही दिलेल्या वकिलाने कोर्टात एक प्रश्न विचारला नाही. आता मी वकील देणार आहे, आणि हे सगळं कोर्टात सांगणार आहे."

एवढंच बोलले. भाऊसाहेब आबांकडे बघून म्हणाले, "शिकवलंस, बरं केलंस." आणि निघाले. ते निघाले की आबा उठायचे. खळ्यात, बागेत, रस्त्यात, कुठेही. त्या दिवशी आबा चटईवरून उठले नाहीत.

वकील देणार म्हणाले खरी. पण वकील शोधायचा कसा, ते मला येत नव्हतं. ज्याला त्याला विचारलं. प्रत्येकाकडे एक ओळखीचा वकील होता आणि प्रत्येक ओळख फिरून कुठल्या तरी पडवीत जात होती. मग मी ठरवलं की कोणाला विचारायचं नाही. अपील खेडच्या सेशन कोर्टात होतं. चार दिवस रजा घेतली आणि कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसले. कोणालाही बसता येतं. मला तेही माहीत नव्हतं.

मी नुसतं बघत होते. मोठ्याने बोलणारे होते. त्यांचे अशील खूश दिसायचे. पण ते काय विचारतात ते ऐकलं तर एकच प्रश्न तीनदा असायचा. तारीख मागणारे होते. फाइल तिथेच पहिल्यांदा उघडणारेही होते. मी आयुष्यभर वाचणारी आणि न वाचणारी माणसं वेगळी करत आले आहे. पुस्तक हातात धरण्यावरून कळतं.

तिसऱ्या दिवशी पन्नाशीच्या एक वकीलबाई उभ्या राहिल्या. आवाज बसका. त्यांच्या फाइलमधून कागदाच्या चिठ्ठ्या बाहेर डोकावत होत्या, पानापानाला. समोर पंच होता. कुठे उभे होतात, असं त्यांनी विचारलं. दार कुठल्या दिशेला होतं. आत आधी कोण गेलं. सही कुठे बसून केलीत. पंच पोलिसाकडे बघायला लागला. बाई म्हणाल्या, "माझ्याकडे बघा. त्यांच्याकडे उत्तर नाही."

मला संदेश आठवला. हे त्याच्या खटल्यातल्या पंचाला कोणीतरी विचारायला हवं होतं.

त्या बाहेर व्हरांड्यात बाकावर चहा घेत होत्या. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "बसा."

मी बसले. कुठली वाडी, कोणाच्या ओळखीने आलात, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. आरोपी कुठे आहे, विचारलं. मी म्हणाले, वारला. त्या हसल्या नाहीत. कधी, म्हणाल्या. मी तारीख सांगितली. त्यांनी बोटांवर मोजलं. "बारा दिवस आहेत. कागद आणलेत?"

नकला त्यांनी तिथेच वाचायला घेतल्या. चहा गार झाला. एका पानावर थांबून विचारलं, "गोठा कुठे आहे तुमचा?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

मी सांगितलं.

"आणि हे कोणी विचारलं नाही?"

"नाही. मीसुद्धा नाही."

त्यांनी माझी समजूत घातली नाही. मला ते बरं वाटलं. म्हणाल्या, ग्रामपंचायतीतून घराचा असेसमेंट उतारा काढा, मोडलेला गोठा त्यात नसेल. पण नवीन कागद अपिलात घ्यायला कोर्टाची परवानगी लागते, मिळेलच असं नाही. "निर्दोष सोडवून देते असं मी म्हणणार नाही. असं म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. मी वाचेन आणि विचारेन, तेवढं सांगते."

मी विचारलं, आधीच्या वकिलांची परवानगी लागेल का. त्या म्हणाल्या, माणूस गेला की त्याने दिलेलं वकीलपत्र संपतं. तेव्हा मला कळलं की माझा भाऊ मेल्यावर कोणापासून सुटला होता.

फी त्यांनी आधीच सांगितली. मग वकीलपत्र माझ्यापुढे ठेवलं. मी ते पूर्ण वाचलं. त्या थांबल्या. संदेशने पोलिसांनी सोडल्यावर त्याचं वकीलपत्र भाऊसाहेबांच्या खळ्यात गुडघ्यावर ठेवून, न वाचता, त्यावर सही केली होती. मी बाकावर बसून सही केली.

सव्विसाव्या दिवशी अर्ज दाखल झाला. परवानगी मिळाली. त्याच आठवड्यात बागेतून निरोप आला की आबांनी उद्यापासून कामाला येऊ नये. आबा म्हणाले, "बरं." आता ते माझ्याकडे खेडला असतात. पुढच्या तारखेला येणार म्हणतात. मागच्या बाकावर बसायचं असतं, ते मी त्यांना सांगितलं आहे.

असेसमेंटचा उतारा मिळाला आहे. त्यात घर आहे, गोठा नाही. कोर्ट तो घेईल की नाही, माहीत नाही. इथे हरले तर वर जाईन. तिथे कोणते वकील चांगले, हे कोणाच्या पडवीत विचारायला जाणार नाही. मागच्या बाकावर बसून बघेन.

संदेश परत येणार नाही. त्याची हत्यारांची पेटी माझ्या घरी आहे, आणि अपील आहे. अपिलाच्या पहिल्या पानावर दोन नावं आहेत. त्याच्या नावापुढे 'मयत' असं लिहिलं आहे. त्याखाली माझं नाव आहे. त्यापुढे 'बहीण'.