पारास्कासाठी एक अंडं

पारास्का काही ईस्टर बघत नाही, असं डॉफिन गावच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं आणि स्टेफ्काने त्याच संध्याकाळी मेण वितळायला ठेवलं. आपल्या शवपेटीत धाकटीच्या हातची पिसांका ठेवायची, हे पारास्काने, तिच्या मोठ्या बहिणीने, कधीच मागून ठेवलं होतं. पिसांका म्हणजे मेणाने रेषा लिहून रंगात बुडवलेलं अंडं. तेही कच्चं, आत जीव असलेलं. उकडलेलं चालत नाही. परकरी वयापासून दर ईस्टरला टोपलीभर अंडी लिहिणाऱ्या बाईला एका अंड्याचं काय मोठंसं!

पण धड अंडंच मिळेना.

तिच्या मुलाने, ओरेस्टने, पिंजरे मोडून कोंबड्या मोकळ्या सोडल्या होत्या. त्यासाठी त्याच्यामागे लकडा लावला होता तो स्टेफ्कानेच. तारेवर उभं राहून वेडेवाकडे झालेले ते पाय तिला बघवत नसत. तिने बजावलं होतं, कोंबडीला अंधारा खोका दे, पेंढा दे आणि दुपारपर्यंत तिच्या वाटेला जाऊ नको. खोके आले, पेंढा आला. पण सकाळी सून टॅमी शाळांच्या सहली आणू लागली. कोंबड्या खोक्यात बसल्या की नेमकं दार उघडायचं, मग पोरांचा कालवा आणि फोटो. उठवलेली कोंबडी अंडं पोटात थोडंच धरून ठेवते? कोपऱ्यातल्या घाणीत टाकून मोकळी होते. मग टॅमी ते खसाखसा घासून धुणार, आणि तसल्या कवचावर रंग नीट धरत नाही, नुसते डाग पडतात.

"टॅमी, एक सकाळ दार बंद ठेव गं."

"पोरं यायची ठरलीत, आई. आणि अंडी ढिगाने पडलीत की!"

"ढिगातली सगळी घासलेली. शिवाय सकाळची, कवच पापडासारखं. लेखणी टेकली की फुटतंय."

"अंडं ते अंडं. तुमचे आपले नखरे!"

घर आता टॅमीचं होतं. दुपारी सहल गेल्यावर स्टेफ्का स्वतःच खुराड्यात स्टूल टाकून बसायची. दिवसभर शिंपल्यांचा चुरा टिपून उशिरा घालणाऱ्या कोंबडीचं कवच जाड असतं, हे तिला आईने शिकवलेलं. थंडीने पाय बधिर व्हायचे. अखेर एका तरण्या कोंबडीने खोक्यात अंडं घातलं, स्वच्छ आणि घट्ट. स्टेफ्काने ते ऊन ऊन गालाला लावलं आणि तिला रडू आलं.

त्यावर तिने शिड्या लिहिल्या, पारास्काला वर स्वर्गात चढायला. रंग एकसारखा बसला. अंडं वाटीत ठेवून ती इस्पितळात सांगायला गेली.

"शिड्या काढल्यास ना?" पारास्का म्हणाली. "पायऱ्या जवळजवळ काढायच्या होत्यास, माझे गुडघे गेलेत."

"मेलीस तरी कुरकुर सुटायची नाही तुझी!"

दोघी खूप हसल्या. स्टेफ्का घरी आली तर वाटी रिकामी.

"शाळेच्या बाई इतकं कौतुक करत होत्या, मग दिलं," टॅमी म्हणाली. "दुसरं करा ना, तुमचा हात बसलाय."

पुन्हा स्टूल, पुन्हा खुराडं. दुसरं अंडं हाती लागायच्या आत पारास्का गेली.

चर्चमध्ये उघड्या शवपेटीपाशी टॅमीने पर्समधून लाकडाचं रंगवलेलं अंडं काढलं. "हे ठेवा आई. फुटायचीसुद्धा भीती नाही."

शेजारणींनी माना डोलावल्या. स्टेफ्काने ते तळहातावर तोललं.

"ह्यातून काय निघणार गं? भुसा?"

"आई, लोक बघतायत," ओरेस्ट पुटपुटला.

"बघू देत."

तिने ते लाकूड टॅमीच्या हातात परत कोंबलं आणि बहिणीची बोटं मिटवली. गावातल्या कितीतरी पेट्यांमध्ये तिच्या हातची अंडी गेली होती. सख्ख्या बहिणीची तेवढी रिकामी गेली.