पऱ्हाटीचा मालक

गावात कुजबुज अशी होती, की कांडीवाला महारुद्र पहाटे पहाटे छबूबाईच्या घरामागं दिसतो.

आता छबूबाई पासष्टीच्या पुढची. पुढचे दोन दात गेलेले, जीभ मात्र शाबूत. महारुद्र चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट घालणारा, बायकोमुलीचा माणूस. पण बोरगव्हाणच्या लोकांना असल्या बाबतीत वयाची अडचण कधी आली नाही. मुंजाजीच्या हॉटेलात पहिला चहा उकळायच्या आत ही बातमी उतू गेलेली असायची. खुद्द मुंजाजीच साक्षीदार.

"म्या डोळ्यानं बघितलं. मफलर बांधला व्हता, पण चाल कुठं लपती? बदकावाणी."

बघितलं होतं, हे खरं. गाव हागणदारीमुक्त असल्याची पाटी वेशीवर झळकत असताना मुंजाजी टमरेल घेऊन तिकडं काय करत होता, हे मात्र कुणी विचारलं नाही.

बोरगव्हाण जिंतूरच्या बाजूचं कापसाचं गाव. शेवटची वेचणी झाली की शिवारभर पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उभ्या राहायच्या आणि लोक त्या काडी लावून मोकळे व्हायचे. आठ-आठ दिवस धूर. जिंतूरची एसटी भरदुपारी दिवे लावून यायची. म्हातारी माणसं खोकून बेजार. एका वर्षी तालुक्याचे साहेब ग्रामसभेत आले आणि म्हणाले, "यापुढं जो जाळील त्याला दंड."

महारुद्र तेव्हा टेम्पो चालवायचा. तो मागून उठला.

"साहेब, दंड लावला तर लोक अंधारात जाळतील. तुमी किती जागणार? त्यापरीस भाव लावा. पऱ्हाटीला भाव आला, तर काडी वढणाऱ्याचा हात त्याची बायकोच धरील."

लोक हसले. त्याला चेव चढला.

"वेशीबाहेर दरसाली झाडं लावता. खड्डा तोच, रोप नवं, फोटोतली माणसं तीच. का जगत न्हाईत? मालक न्हाई म्हणून. बकरीच मालक. आन् माझ्या बांधावरचा आंबा बघा, हात लावून दाखवा त्याला! ज्याला मालक न्हाई, ते जळतं. फुकटाची वस्तू माणूस पायाखाली घालतं. सरकारनं फक्त मधी येऊ नये, बाकी हवा आमी साफ करतो."

टाळ्या पडल्या. साहेबांनीही वाजवल्या, कुणासाठी ते न कळून.

महारुद्र नुसता बोलून थांबला नाही. टेम्पो विकला, मशीन आणलं. पऱ्हाटीचा भुगा करायचा आणि तो दाबून मनगटाएवढ्या कांड्या पाडायच्या. कारखान्यांच्या बॉयलरला दगडी कोळशाऐवजी या कांड्या चालतात. बघता बघता ट्रॅक्टर ओळीनं उभे राहायला लागले. ज्या रंगनाथ पाटलानं सगळ्यात जास्त शिवार पेटवलं होतं, तोच आता बांधावर पडलेली काडीसुद्धा वेचायला लावायचा. धूर गेला. एसटीचे दिवे विझले. दंडाच्या पावतीनं जे झालं नसतं ते भावानं केलं, आणि ते कुणी नाकारू नये.

महारुद्रची छाती फुगली. फुगू द्यावी, माणसानं काम केलं होतं.

मग पुढच्या पावसाळ्यात तो एकदा भिजत चालला असताना छबूबाईच्या पडवीत शिरला. छबूबाई त्याच्या बापाच्या शेतात वेचणीला यायची तेव्हापासूनची ओळख. बांधावर बसून तिच्या फडक्यातली अर्धी भाकरी खाऊन हा वाढलेला.

आत चूल पेटली होती आणि धूर काळाकुट्ट निघत होता. महारुद्रनं वाकून बघितलं. चुलीत सायकलच्या टायरचा तुकडा.

"मावशी, हे काय जाळायलीस?"

"दिसायलंय की. टायर."

"आन् गॅसची टाकी?"

कोपऱ्यात टाकी होती. तिच्यावर गोधड्यांची घडी.

"हाय की. रिकामी हाय, पण गोधड्या ठिवायला लय बेस. ओल लागत न्हाई."

"आन् पऱ्हाट्या? तुझ्याकडं तर वरीसभर पुरायच्या."

छबूबाईनं भाकरी उलटली. "तुझ्या मशीनीनं खाल्ल्या. भूक मोठी हाय म्हणं तिला. बस, तू बी खा."

तिनं ताटली पुढं केली. भाकरीला रबराचा वास होता. महारुद्रनं ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. टाकून उठायची त्याची हिंमत झाली नाही.

त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं पण आठवलं नव्हतं. बोरगव्हाणात रीत अशी, की शेवटची वेचणी झाली की वेचणाऱ्या बायांनीच लोखंडी चिमटा घेऊन पऱ्हाट्या उपटायच्या. मालकाचं रान साफ, आणि पऱ्हाट्या उपटणारीच्या. मजुरी कुणी द्यायची नाही, कुणी मागायची नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बाया गेल्या, की मागं राहिलेल्या छबूबाईसारख्यांचं वर्षाचं सरपण यातूनच. भाव आल्यावर मालकांनी ट्रॅक्टर लावले. कुणी चोरी केली नाही, कुणी कायदा मोडला नाही. फक्त शिवारातला धूर उठला आणि छबूबाईच्या घरात जाऊन बसला.

त्या दिवसापासून महारुद्रला भाकरी गिळेना. गॅसवर भाजलेली, तुपानं माखलेली, तरी रबर लागायचं. छबूबाईच्या गल्लीतून दिवसा जाणं त्यानं सोडलं. आणि त्याच सुमाराला मुंजाजीचं टमरेल कामाला लागलं.

बातमी फिरून महारुद्रच्या बायकोकडं, राजेश्रीकडं आली. ती परभणीची. रडली नाही, भांडली नाही. जेवायला वाढता वाढता म्हणाली, "दुसरं कुणी सापडलं न्हाई व्हय? निदान दात तरी बघायचे."

महारुद्र खाली मान घालून जेवत राहिला.

"न्हाई तरी म्हणा."

"काय म्हणू?" एवढंच तो म्हणाला, आणि त्या दिवशी दुसरी भाकरी घेतली नाही.

दिवाळी होऊन वेचण्या संपत आल्या, तेव्हा एका सकाळी छबूबाई भाड्याची बैलगाडी घेऊन कांडीच्या कारखान्यात आली. गाडीत पऱ्हाट्यांच्या मोळ्या, सगळ्या निळ्या प्लॅस्टिकच्या दोरीनं बांधलेल्या. ट्रॅक्टरवाले रांगेत होते, रंगनाथ पाटील होता, आणि हॉटेल उघडं टाकून मुंजाजीही होताच.

"वजन कर," छबूबाई म्हणाली.

दोरी बघून महारुद्रचा चेहरा उतरला. ती काट्याच्या अगदी जवळ आली आणि आवाज खाली घेतला.

"तुझ्याच कारखान्याची दोरी. वळखलीस ना? एक बी मोळी सोडली न्हाई म्या. टायर जाळला, पण ही सोडली न्हाई."

"मावशी, चुकलं माझं. परत ने. अजून देतो."

"फुकट? सभेत काय म्हणला व्हतास? फुकटाची वस्तू माणूस पायाखाली घालतं."

"मावशी..."

"ज्याला मालक न्हाई ते जळतं, म्हणला. आरं, पऱ्हाटीला मालक व्हता की. मी व्हते. भाव लावलास ते ब्येस केलंस. पर इकणाऱ्याला तर इचारायचं!"

महारुद्रच्या सगळ्या भाषणात एक भोक होतं आणि ही बाई त्यातून बैलगाडी घेऊन आत आली होती. त्यानं हात जोडले नाहीत. लोक बघत होते. त्यानं मोळ्या काट्यावर चढवल्या, सगळ्यांसारखंच वजन केलं आणि सगळ्यांसारखाच भाव दिला.

मग रांगेकडं वळून म्हणाला, "आजपासून पऱ्हाटी बायांनी उपटलेली पाहिजे. उपटणारी बाई काट्याजवळ उभी असंल, तरच गाडी आत. अर्धा माल तिचा. तिला भाव घ्यायचा तर भाव, सरपण न्यायचं तर सरपण."

रंगनाथ पाटील भडकला. "रान माझं, बी माझं. बाई मधीच कुठून आली?"

"मधी न्हाई आली पाटील, आधीपासून व्हती. मीच तिला बाहेर काढलं व्हतं."

पाटलानं रागारागानं आपलं रान पेटवून दिलं. पुढच्या साली मात्र त्याची गाडी रांगेत होती आणि उपटणारी बायनाबाई काट्याजवळ, कमरेवर हात ठेवून. त्याला कुणी समजावलं नव्हतं, दंडही केला नव्हता. शेजारच्याला मिळालेला पैसा बघितला होता, एवढंच. तालुक्याचे साहेब येऊन गेले आणि हे जनजागृतीमुळं झालं असं सांगून गेले.

छबूबाईनं आपल्या वाट्यातलं लागेल तेवढं सरपण नेलं, उरल्याच्या पैशात टाकी भरून घेतली. गोधड्या आता खाली असतात आणि त्यांना ओल लागते, म्हणून ती अधूनमधून महारुद्रला शिव्या देते. तो ऐकून घेतो. पावसाळी हवेत कुठं रबर जळालं, की अजून त्याच्या हातातला घास थांबतो.

कुजबुज मात्र चालूच राहिली. त्यानं ती कधी खोडली नाही. बायकोला खरं सांगितलं, तेही वर्षानं. ती म्हणाली, "आधी का न्हाई बोललात?" तर हा म्हणे, बाईची बदनामी परवडली, पण भरसभेत फुकटाच्या विरोधात बोललेला माणूस फुकट वाटत फिरतो हे गावाला कळलं असतं, तर तोंड दाखवता आलं नसतं. त्या बदनामीत छबूबाईचंही नाव जातं, हे त्याच्या ध्यानात तेव्हाही आलं नाही. तिला त्यानं त्याही वेळी विचारलं नव्हतं.

महारुद्र पहाटे छबूबाईच्या घरामागं जायचा, हे खरं आहे. तो तिथं पऱ्हाट्यांची मोळी ठेवायचा आणि परत यायचा.