लालबागची नथ आणि गिरगावचा कवडसा

बोट दाभोळच्या पुढे गेली आणि समुद्राने असे काही झोके दिले, की घरी खाल्लेल्या प्रत्येक घासाची आणि माझी पुन्हा भेट झाली. मुंबईच्या धक्क्याशी पोचलो तेव्हा पहिलं दर्शन इमारतींचं नाही, एका वल्ह्याचं झालं. खलाशी होडी हाकत होता आणि त्याचं वल्हं पाण्यात शिरलं, की मधोमध मोडलेलं दिसे. शेजारचा पुणेरी प्रवासी हळहळला, "अरेरे, मोडलं!"

मी हसलो. आम्ही खाडीकाठची माणसं. मासा दिसतो तिथे नसतो, हे आमच्याकडे रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक. काठावर उभं राहायचं आणि दिसतो त्याच्या वीतभर अलीकडे, आपल्या पायांच्या बाजूला, भाला हाणायचा. या विद्येत माझा हात असा, की एकदा एकाच भाल्यात दोन पालू मासे आणि पलीकडच्या गावच्या खोताची चप्पल वर आली होती.

निघालो होतो मामेबहिणीच्या, शालूच्या, लग्नाला. मामा कापडाच्या गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवी; राहायला लालबागच्या चाळीत. दारातच गरजला, "इलंस काय रे झिला (मुला)? माका वाटला, बोट बुडाली!"

मामीने वाढलेला बांगडा मी खात असताना तिने मला एक डबी दाखवली. आत नथ. चाळीतली प्रत्येक नवरी हीच नथ घालून बोहल्यावर चढते. ती कुणी आणली कुणाला आठवत नाही, सांभाळायची मामीने. शालूनंतर नंबर तळमजल्यावरच्या चंपाचा.

"हिला काही झालं तर मी गॅलरीत तोंड दाखवणार नाही," मामी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मामाने मला मोर्चात नेलं. परळ-लालबाग सगळं रस्त्यावर लोटलं होतं. चौपाटीवर सभा होती. आठ-आठ जणांची ओळ, हातात हात गुंफलेले, "झालाच पाहिजे!" अशी आरोळी, की समुद्र दोन पावलं मागे सरकला. डांबरी रस्ता सोडून आमची ओळ तिरकी वाळूत शिरली. टोकाला मी. माझे पाय आधी वाळूत रुतले, चाल मंदावली. डांबरावरचे मात्र तसेच धाडधाड पुढे. हात तर सुटेनात! मग काय, अख्खी ओळ माझ्याभोवती दारासारखी फिरली आणि सभेकडे निघालेले आठ वीर थेट भेळवाल्याच्या टोपलीवर जाऊन आदळले.

"सरळ चालूक येत नाय तुका?" मामा ओरडला.

"मी सरळच चालत होतो!" खरंच चालत होतो. आमच्या मागची ओळ तिरकी न होता, नाकासमोर वाळूत उतरली. सगळे एकदम मंदावले, पण एकजणही वळला नाही. मी भेळ झटकत बघत राहिलो. तेच पाय, तीच वाळू, मग आम्हीच का वळलो? डोकं चालेना.

तिसऱ्या दिवशी लग्न, गिरगावात, वराकडच्या वाडीत, गोरज मुहूर्तावर. ट्राममधून उतरलो तेव्हा वाडीत मांडव पडला होता आणि आचारी जिलब्या तळत होते. मधोमध जुनी, अरुंद, खोल विहीर. दुपारी मामी विहिरीच्या कठड्यावर रिठ्याच्या पाण्यात नथ धूत बसली. रिठा बुळबुळीत, बोटं ओली. एवढंसं "टुब्" झालं.

मामीने जी किंकाळी फोडली, ती ऐकून मलबार हिलवरचे कावळे उडाले असतील.

विहिरीत उतरायचं कुणी? तळाला गाळ. त्यात पाय पडला की नथ कायमची गडप. वाकून बघावं तर आत मिट्ट काळोख. वराची आत्या पदर सावरत म्हणाली, "आमच्याकडे नाक मोकळं ठेवून नवरी बोहल्यावर चढत नाही हो."

तेव्हा वाडीने हिंमत दाखवली. कोपऱ्यावरच्या सलूनमधला लांबलचक आरसा दोघांनी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत नेला. उन्हं तिथे येत होती. तिथून कवडसा विहिरीच्या तोंडाशी धरलेल्या छोट्या आरशावर, आणि तिथून खाली तळाला. सांगायला सोपं. वरचा आरसा बोटभर हलला, की कवडसा हातभर उडी मारी. कधी जिलब्यांवर, कधी आत्याबाईंवर. एकदा भटजींच्या डोळ्यांत गेला, तर त्यांनी दचकून मंगलाष्टकं सुरू केली.

"भटजी, अजून वेळ आहे!"

"मग सूर्य इतका जवळ कसा आला?" ते म्हणाले.

शेवटी कवडसा खाली पोचला आणि तळाला मोती चमकले. मी बाह्या सरसावल्या. "पाण्यातली वस्तू काढायची ना? बाजूला व्हा!"

लांब बांबूच्या टोकाला छत्रीच्या काडीचा आकडा बांधला. विहिरीवर फळी टाकली, तिच्यावर पालथा पडलो, आणि नथ अगदी नाकाखाली आल्यावर खाडीच्या शिरस्त्याप्रमाणे वीतभर आपल्या पायांच्या बाजूला बांबू हाणला. गाळ उसळला. पाण्याचा काढा झाला. नथ गेली.

पाणी निवळायची वाट बघत बसलो. ऊन गॅलरीच्या कठड्यावरून सरकत होतं. आरसेवाले आरसा कलता करत ओरडले, "आटपा रे, सूर्य चालला!" पुन्हा मोती दिसले. मी विचार केला, वीत कमी पडली असणार. विहीर खाडीपेक्षा खोटारडी. दीड वीत अलीकडे हाणला. पुन्हा काढा.

मामीने डोळ्यांना पदर लावला. चंपा तिच्या पाठीवर हात फिरवत होती, पण तिचाही चेहरा उतरला होता.

इतक्यात वरच्या खिडकीतून हळदीने माखलेली नवरी ओरडली. "अरे दादा, तू नथ दिसते तिथे का नाही मारत?"

"तुला काय कळतंय गो? पाणी खोटं बोलतं!"

"तिरकं बघणाऱ्याशी बोलतं! मॅट्रिकला शिकलेय मी. पाण्यात उजेडाची चाल मंदावते. तिरका शिरला तर एक कड आधी मंदावते, दुसरी धावत राहते, म्हणून वळतो. काल चौपाटीवर तुमची ओळ वळली तशी! बाबांनी सगळं सांगितलंय."

"आणि आता?"

"आता तू बरोबर डोक्यावर आहेस ना? अख्खी ओळ एकदम वाळूत उतरली. कशाला वळेल? नथ जरा वर आल्यासारखी दिसेल, पण बाजूला नाही. सरळ खाली सोड!"

माझ्या डोळ्यांसमोर भेळ, वाळू, मामा आणि पालू मासा एकदम फिरू लागले. आयुष्यभराचा हात म्हणत होता, अलीकडे. शालू म्हणत होती, सरळ. वाडीतल्या पोरींनी मोर्चाच्या चालीवर गजर लावला, "नथ मिळालीच पाहिजे!"

पाणी निवळलं. कवडसा आता दोऱ्याएवढा उरला होता. मी डोळे मिटावेत तसं मन मिटलं आणि बांबू नाकासमोर सरळ खाली सोडला. वाटलं त्याहून हातभर खोल गेला. टोकाला काहीतरी अडकलं. हळूहळू वर ओढला. आकड्याला गाळाचा गोळा, आणि गोळ्यात मोती.

मामीने नथ घेतली नाही, आधी माझं तोंड कुरवाळलं. मग नथ पदराला घट्ट गाठ मारून बांधली आणि शालूच्या नाकात जाईपर्यंत गाठीवरचा हात काढला नाही. निघताना नथेची डबी तिने माझ्यासमोर चंपाच्या हातात ठेवली. "विहिरीपासून लांब धू हो," एवढंच म्हणाली.

गावी परतलो. मुंबईतून शास्त्र शिकून आलेला मी पहिला भालेवाला. काठावर उभा राहिलो. समोर पालू. हात म्हणाला, अलीकडे. डोकं म्हणालं, सरळ. मी तिरका उभा आहे की मासा? वाळू कुठली, डांबर कुठलं? हिशेब लावेपर्यंत मासा निघून गेला. दुसरा गेला. तिसऱ्याने तर थांबून माझ्याकडे पाहिलं.

घरी बायकोला सगळं नीट समजावून सांगितलं. आठ जणांची ओळ, मंदावलेली कड, सगळं. तिने शांतपणे ऐकलं आणि पानात वालाची उसळ वाढली.